विसरलेलं सामान घरातच, माळ्यावर असतं

मोर्शी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. नवऱ्याचं गावात कृषी केंद्र आहे. बियाण्याच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं, स्कीम लागली आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जोडीनं पाच रात्री बालीला जायचं ठरलं. दोघांचाही हा पहिलाच परदेश. त्या लिहितात, "कपडे घ्या, पासपोर्ट घ्या, औषधं घ्या, हे कोणीही सांगते. तुम्ही इतक्या लोकांना नेता, तर आपल्याकडचे लोक नेमकं काय विसरतात ते सांगा. अन् सासूबाई म्हणतात साडी घेच, तर घेऊ का?"

ताई, साडीचं शेवटी सांगतो. तिचा एक उपयोग तुमच्या सासूबाईंनाही ठाऊक नसेल.

मी सतरा वर्षांपासून वर्धा, यवतमाळ, अमरावती भागातले गट घेऊन थायलंड, बाली, श्रीलंका, मलेशिया असा फिरतो. त्यातले निम्मे तुमच्यासारखे, खता-बियाण्याच्या स्कीमवाले. निघायच्या आदल्या संध्याकाळी जमेल तेवढ्या घरी जाऊन बॅग उघडून बघायची मला सवय आहे. लोक तोंड वाकडं करतात, पण चहा देतात. बॅगेत वरच्या थराला काय असतं ते मी चेन न उघडता सांगू शकतो. चिवडा, शंकरपाळे, जवसाची चटणी, कराळ्याची चटणी, बेसनाचे लाडू. परमुलखात उपाशी राहू ही भीती आपल्याकडे इतकी पक्की आहे की खाण्याचं कोणी विसरत नाही. सात किलो खाणं आणि चार किलो कपडे, अशीही बॅग मी पाहिली आहे.

मग विसरतात काय? बरीच वर्षं मला वाटायचं, ज्याचा त्याचा विसराळूपणा. पण दर वेळी त्याच त्या वस्तू राहायला लागल्या तेव्हा लक्षात आलं की आपण बॅग भरतो ती आपल्या घरच्या महिन्याप्रमाणे. डिसेंबरात मोर्शीला सकाळी शेकोट्या पेटलेल्या असतात. छत्र्या, रेनकोट दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर गेलेले. दुपट्टा मे महिन्याचा, तो पेटीत. घामोळ्याची पावडर, डासाचं मलम, ओआरएसची पाकिटं, सगळं नजरेआड. आणि तुम्ही चाललात कुठं, तर विषुववृत्ताच्या पलीकडे, साडेआठ अंश दक्षिणेला. तिथं डिसेंबर म्हणजे भर पावसाळा. साधारण नोव्हेंबर ते मार्च तिथं पाऊस असतो. म्हणून बॅग भरायच्या आधी माळ्यावर चढा. विसरलं जाणारं निम्मं सामान तिथंच आहे.

"काहून जी, डिसेंबरात कुठं पानी पडते?" हा प्रश्न मला प्रत्येक गटात एकदा तरी ऐकावा लागतो. थायलंडची गंमत तर आणखी वेगळी आहे. फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि त्याच देशात पलीकडच्या किनाऱ्यावर को समुईला ऑक्टोबर ते डिसेंबर जोराचा. नुसता देश बघून अंदाज करू नका, किनारा बघा. तुमच्या बालीत दिवसभर झड लागेलच असं नाही. सकाळ लख्ख असते आणि दुपारी तासभर असा कोसळतो की रस्त्यावरचं समोरचं दिसत नाही. त्यासाठी घडीची छत्री आणि पातळ रेनकोट पुरे. शेतावरचा जाड रबरी रेनकोट नेऊ नका, त्यात घामानंच ओले व्हाल.

घामाचं जरा नीट सांगतो, कारण आपले लोक इथंच फसतात. बेचाळीस, पंचेचाळीस अंश आपण दर उन्हाळ्यात काढतो. बालीला तीस-एकतीस असतं. पहिल्या दिवशी सगळे हसतात, "हे काय ऊन आहे का?" दुसऱ्या दिवशी दुपारी तेच लोक बसमधून उतरायला तयार नसतात. आपलं ऊन कोरडं. मे महिन्यात धुतलेला शर्ट तारेवर टाकला की अर्ध्या तासात कडक वाळतो आणि अंगावरचा घामही तसाच उडून जातो, तेवढाच गारवा. आपला कूलरही त्याच जोरावर चालतो. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम उडतच नाही. तो अंगावर बसतो, कपड्यात बसतो, चपलेत बसतो. आपल्याला उन्हाची ओळख आहे, ओलीची नाही.

या ओलीमुळे पहिल्यांदा हाल होतात ते मांड्यांचे. कोणी बोलत नाही, बाया तर मुळीच नाही. मी तिसऱ्या दिवशी चालण्यावरून ओळखतो. ओला कपडा, चालणं आणि वर समुद्राचं मीठ, जांघा सोलून निघतात. इथून पेट्रोलियम जेलीची छोटी डबी घ्या आणि सकाळी निघायच्या आधीच लावा, सोलल्यावर नाही. साडीखाली किंवा कुर्त्याखाली गुडघ्यापर्यंतची तलम टाइट घातली तर फार बरं पडतं. भाऊंनाही, म्हणजे तुमच्या मिस्टरांनाही सांगा, त्यांचं पोट सुटलं असेल तर त्यांना जास्त गरज. आतले कपडे दिवसाला दोन या हिशोबानं घ्या. जीन्स दोघांनीही घरी ठेवा. एकदा भिजली की पाच दिवसांत वाळत नाही आणि परतीला तिचंच वजन दीड किलो होतं.

आता ओले कपडे ठेवायचे कशात? दुकानातून पिशवी घेऊ म्हणाल, तर बालीत २०१९ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे, दुकानदार देत नाही. थायलंडातल्या मोठ्या दुकानांनीही जानेवारी २०२० पासून देणं बंद केलं. घरून चार-पाच जाड, मोठ्या पिशव्या नेणं हाच उपाय. इथं एक सांगून ठेवतो. तुमच्या घरी बियाण्याच्या रिकाम्या थैल्यांचा ढीग असेल. त्या मजबूत असतात, चेनवाल्या असतात, मोह होतो. घेऊ नका. त्यातल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. एकानं सोयाबीनच्या थैलीत टॉवेल भरून आणला होता आणि त्याच टॉवेलनं पोराचं तोंड पुसत होता.

दुकानाचाच विषय निघाला म्हणून. ज्या बॅगेनं वर्षभर गोदामात युरिया आणि मिश्रखताच्या पोत्यांशेजारी मुक्काम केला, ती बॅग परदेशी नेऊ नका. न्यायचीच असेल तर आतून-बाहेरून साबणानं धुऊन उन्हात वाळवा. विमानतळावर पट्टीनं बॅग पुसून ती पट्टी यंत्रात घालतात. खतातल्या नायट्रेटचे कण त्या यंत्राला स्फोटकासारखे वाटू शकतात. माझ्या गटातल्या एका दुकानदाराची बॅग अशीच बाजूला काढली. तीन वेळा पुसली, सगळं बाहेर मांडलं, लाडवाचा डबासुद्धा उघडला. तो बिचारा घामाघूम, "साहेब, खताचं दुकान आहे जी माझं," एवढंच म्हणत होता, आणि ते वाक्य तिथं फार उपयोगाचं नव्हतं. सुटला, पण विमानात चढणारा शेवटचा माणूस तो होता.

पाण्यात उतरायचे कपडे. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण यात मला वाईट वाटतं. प्रत्येक हॉटेलला पोहण्याचा तलाव असतो, पैसे कंपनीनं भरलेले असतात आणि आपल्या बाया काठावर पाय सोडून बसलेल्या असतात. मागच्या एका गटात चौदा जणी होत्या, पाण्यात उतरल्या तिघी. बाकीच्यांना उतरायचं नव्हतं असं नाही. सुती सलवार-कुर्ता घालून तलावात जाऊ देत नाहीत. सुती कापड पाणी पितं, अंगाला ओढतं, बुडण्याचा धोका वाढतो, धागे गाळणीत अडकतात. आणि पोहण्याचा पोशाख म्हटलं की टीव्हीवरचा डोळ्यापुढं येतो, म्हणून कोणी विकतच घेत नाही. अहो ताई, पूर्ण बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा, वरून झग्यासारखा घेर असलेला नायलॉनचा पोशाख मिळतो. अमरावती-नागपूरला खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा. तिथं जाऊन घेऊ म्हणू नका, तिकडच्या मापात आपल्या बाया बसत नाहीत. भाऊंसाठी नायलॉनची हाफपँट. लुंगी किंवा आतल्या चड्डीवर तलावात उतरण्याचा प्रयत्न दर वर्षी कोणीतरी करतोच, आणि शिट्टी ऐकून मलाच धावावं लागतं. समुद्रात मात्र पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर जाऊ नका, आणि लाल झेंडा असेल तिथं पायही बुडवू नका. बालीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाटा आत ओढतात.

तीर्थ एम्पुल नावाचं मंदिर तुमच्या कार्यक्रमात बहुतेक असेल. तिथं झऱ्याच्या पाण्याच्या धारा कुंडात पडतात आणि लोक एकेका धारेखाली डोकं धरतात. आपल्या लोकांना ही जागा सगळ्यात आवडते. गंगेवर गेल्यासारखे हात जोडून उभे राहतात. तिथं कमरेला गुंडाळायचं वस्त्र भाड्यानं मिळतं, पण नंतर घालायचे कोरडे कपडे, टॉवेल आणि ओलं भरायची पिशवी आपली. ही तीन बसच्या पोटातल्या बॅगेत ठेवून लोक वर येतात आणि मग दोन तास ओल्यानं एसी बसमध्ये कुडकुडतात. बाकी मंदिरांतही गुडघे झाकलेले लागतात. आपला पांढरा दुपट्टा इथं कामी येतो. कमरेला गुंडाळा, डोक्याला बांधा, बसमध्ये पांघरा. तिकडच्या मंदिरांच्या दारावर पाळीच्या दिवसांत आत येऊ नये असा फलकही असतो. तुमच्या तारखा बघून ठेवा, आणि तारीख नसली तरी पॅड घ्या. प्रवासात, जागरणात पाळी पुढं-मागं होते. गोळी घेऊन लांबवायची असेल तर डॉक्टरांकडं निघायच्या आठवडाभर आधी जा, आदल्या दिवशी नको.

दुपट्टा बांधता येतो म्हणून क्रीम लागत नाही, हा आपला दुसरा गैरसमज. मे महिन्यात आपण दुपारी बारा ते चार घराबाहेर निघत नाही. तिथं नेमकं बारा वाजता आपण होडीत असतो. डिसेंबरात बालीला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि ढग असले तरी कातडी भाजते. क्रीम घेतलेलं असतं, पण पन्नास मिलिची नळी दोघांत. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण तीस मिलि लागतं, आणि दर दोन तासांनी, पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. मोठी बाटली घ्या, एसपीएफ तीस किंवा वरची. लावायला विसरतात त्या जागा ठरलेल्या आहेत. कान, मान, पायाचा वरचा भाग, पुरुषांचं टक्कल आणि बायांचा भांग. भांग भाजला की तिसऱ्या दिवशी कंगवा लावू देत नाही. पुढं कधी थायलंडला गेलात तर बाटलीमागचं वाचून घ्या. तिथल्या समुद्री राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला मारणारी चार रसायनं असलेली क्रीम २०२१ पासून बंद आहेत, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट त्यातलीच. दंड एक लाख बाथपर्यंत आहे.

होडीवरून आठवलं. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. आपण वर्धा नदीच्या डोंग्यात बसलेले लोक, वेगाच्या बोटीत उलट्या होतात याचा पत्ताच नसतो. नुसा पेनिदा बेटावर जायचा बेत असेल तर सानूरहून अर्धा-पाऊण तास उसळ्या खात जावं लागतं. उलटीची गोळी बोटीत बसायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. सगळे मळमळायला लागल्यावर मागतात. गोळी आणि आलेपाकाच्या वड्या हातातल्या पिशवीत ठेवा, आणि बोटीत मागच्या बाजूला बसा, पुढचं टोक जास्त आपटतं.

औषधांचं तुम्ही म्हणालात, कोणीही सांगते. पण कसं न्यायचं ते कोणी सांगत नाही. आपल्याकडं मेडिकलवाला पट्टी कात्रीनं कापून देतो. दहातल्या सहा गोळ्या तुमच्या, आणि औषधाचं नाव ज्या तुकड्यावर छापलेलं तो तुकडा त्याच्या खोक्यात. परदेशातल्या तपासणीत बिनानावाची गोळी म्हणजे प्रश्न. अख्खी पट्टी घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, झोपेच्या गोळ्यांवरही बऱ्याच देशांत बंधनं आहेत. चिठ्ठीशिवाय ती नेऊच नका. बीपी-शुगरच्या गोळ्या पाच दिवसांच्या पाच घेऊ नका, चार जास्त घ्या, विमान एक दिवस लांबलं तर? आणि हे सगळं हातातल्या बॅगेत. कागदाच्या पुडीतलं घरगुती चूर्ण घरी ठेवा. डासाचं मलम दिवसा लावा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

चष्म्याचं माझ्यावरच बेतलेलं आहे. उलुवातू म्हणून कड्यावरचं मंदिर आहे, खाली समुद्र. तिथली माकडं चष्मा, टोपी, मोबाईल हिसकावतात आणि खायला दिलं की परत करतात. हा त्यांचा धंदाच आहे, शास्त्रज्ञांनीही त्याचा अभ्यास केला आहे. मी गटाला बसमध्ये उभा राहून सांगितलं, चष्मे खिशात ठेवा. माझा नाकावरच राहिला. मागून खांद्यावर वजन आलं, आणि पुढच्या क्षणी जग धूसर. तिथल्या माणसानं फळं देऊन चष्मा सोडवला, पण एक काच चावलेली. दुसरा चष्मा घरी, टेबलाच्या खणात. परतीच्या दिवशी बावीस जणांचे पासपोर्ट नंबर मी यवतमाळच्या एका गुरुजींचा चष्मा लावून वाचले, त्यांचा नंबर माझ्याहून दोननं जास्त. तेव्हापासून जुना का होईना, दुसरा चष्मा आणि मानेत अडकवायची दोरी. माकड किंवा कुत्र्यानं ओरखडलं तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. बालीत २००८ पासून रेबीज आहे. पंधरा मिनिटं साबणानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

न्यायच्या नाहीत अशा वस्तूही लोक विसरतात, म्हणजे काढून ठेवायला विसरतात. सुक्या खोबऱ्याची वाटी. २०२२ पासून आपल्याच देशात ती विमानाच्या चेक-इन सामानात बंद आहे, त्यातल्या तेलामुळं पेट घ्यायचा धोका असतो. देवाला म्हणून नेलेला कापूर, माचिस, लायटर, तेही घरीच. बागेतली संत्री नेऊ नका. मोर्शी-वरुडकडच्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षा, पण ताजी फळं दुसऱ्या देशात नेताना कागदपत्रं लागतात, नसतील तर विमानतळावरच टाकून द्यावी लागतात. गाईडला भेट द्यायची असेल तर संत्रा बर्फी न्या. विमान सिंगापूरमार्गे असेल तर खसखस काढा, तिथं ती बंदी असलेल्या वस्तूंत येते. सावजी मसाल्यात खसखस असते. दळल्यावर कोणाला कळणार असं म्हणतात, मी तो धोका घेत नाही. आणि खर्रा. भाऊ खात नसतील तर देव पावला. खात असतील तर सिंगापुरात चघळायचा तंबाखू नेण्यालाच बंदी आहे, आणि बालीत पानठेला नाही. लवंग, विलायची, बडीशेप भरपूर घ्या आणि पहिले दोन दिवस त्यांच्याशी वाद घालू नका.

पैशांत विसरतात ते कार्ड नव्हे, कार्ड चालू करणं. २०२० मधल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डं फक्त देशात चालतात. परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपवर किंवा शाखेत जाऊन सुरू करावा लागतो. त्याहून मोठी चूक म्हणजे ओटीपी. लोक इथलं सिम काढून डब्यात ठेवतात, तिथलं घालतात, आणि मग बँकेचा ओटीपी डब्यातल्या सिमवर जातो. रोमिंग सुरू करून जुनं सिम फोनमध्येच राहू द्या. डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या, घडी नसलेल्या घ्या. आपण नोट चार घड्या करून ब्लाउजमध्ये किंवा बनियनच्या खिशात ठेवतो, तिकडचा बदलून देणारा ती हातातही घेत नाही. पोचल्यावर व्हिसाचे पाच लाख आणि पर्यटन कराचे दीड लाख रुपिया प्रत्येकी लागतात. आकडा ऐकून घाबरू नका, शून्यं त्यांच्याकडं जास्त आहेत. कंपनीनं ते भरले आहेत का, एवढं आधी विचारा.

चार्जरसाठी बालीत वेगळं काही लागत नाही, आपली गोल दोन पिनांची पिन तिथं बसते. तीन पिनांचं काही, म्हणजे इस्त्री किंवा एक्स्टेन्शन बोर्ड, बसत नाही. सिंगापूर-मलेशियात मात्र चपट्या तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत टाकली तर ती बॅग उघडायला तुम्हाला परत बोलावतात. फोनला गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी दीडशे-दोनशे रुपयांत मिळते. खारं पाणी आत गेलेला फोन मी अजून एकही जिवंत झालेला पाहिला नाही.

पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत, फोटो, झेरॉक्स हे तुम्हाला माहीत आहेच. फक्त झेरॉक्स पासपोर्टच्या कव्हरातच ठेवू नका. हरवले तर दोन्ही हरवतात.

वजन घरी करू नका, दुकानात करा. तुमच्याकडं इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्याचा एवढा तरी फायदा घ्या. नागपूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर देशातल्या विमानात बहुधा पंधरा किलोच चालतं, पुढच्या विमानात वीस असलं तरी. आपले लोक पुढचा आकडा धरून भरतात आणि नागपूरला काउंटरसमोर बसून लाडू वाटतात. जाताना बारा किलोच्या आत राहा, ओल्या कपड्यांचं वजन परतीला धरायचं आहे. घरून निघताना घातलेला स्वेटर बॅगेत टाकू नका, अंगावर किंवा हातात ठेवा. विमानात आणि तिकडच्या बसमध्ये एसी असा सोडतात की बालीतही तोच कामी येतो.

आता साडी. सासूबाईंचं ऐका, एक घ्या. सुती किंवा काठपदराची नको, साधी सिंथेटिक, हलकी, हातावर पिळली तर रात्रीतून वाळणारी. मंदिरात घाला. बालीच्या बाया स्वतः कमरेला शेला बांधून, केसात फूल माळून पूजेला येतात. साडीतली बाई दिसली की त्या थांबून बोलतात, पदर हातात घेऊन बघतात. फोटोही तोच सगळ्यात चांगला येतो. आणि परकराला नवी, लांब, जाड नाडी ओवून घ्या. हॉटेलच्या न्हाणीघरात कपडे वाळत टाकायला दोरी नसते, बाल्कनीच्या कठड्यावर टाकू देत नाहीत. संध्याकाळी परकराची नाडी काढायची, एक टोक नळाला, दुसरं दाराच्या कडीला, गाठ पक्की मारायची आणि न्हाणीघरातला पंखा रात्रभर चालू ठेवायचा. खोलीचा एसी वाळवायला मदत करतो, म्हणून न्हाणीघराचं दार उघडं ठेवा. सकाळी नाडी पुन्हा ओवताना सेफ्टी पिन लागते. ती मात्र घरूनच घ्या, दोन घ्या. पाच दिवसांत एक हरवतेच.